पाकपरीक्षा आणि सोलापूरची भाकरी

नलराजाची कथा महाराष्ट्रांत घरोघरीं ठाऊक आहे. परंतु त्या कथेंतील एका प्रसंगाकडे पाकशास्त्राच्या दृष्टीनें क्वचितच पाहिलें जातें. राज्य गमावलेला आणि रूप पालटलेला नल बाहुक या नांवानें ऋतुपर्ण राजाच्या पदरीं सारथी होऊन राहतो. पुढें ऋतुपर्णाचा रथ हांकीत तो कुंडिनपुरास येतो, तेव्हां दमयंतीला संशय येतो. ती केशिनी नांवाच्या दासीकडून बाहुकानें शिजविलेलें मांस मागवून घेते, त्याचा घास तोंडांत घालते, आणि हा नलच, अशी तिची खात्री पटते. रूप ओळखूं आलें नाहीं; हाताची चव मात्र लपली नाहीं. राजानें चुलीपुढें बसावें आणि जाणत्या जिभेनें त्याची परीक्षा घ्यावी, ही कल्पना इतकी जुनी आहे. विराटाच्या मुदपाकखान्यांत अज्ञातवास कंठणारा भीमही याच परंपरेंतला. त्यानें तेथें घेतलेल्या बल्लव या नांवावरूनच मराठींत कुशल स्वयंपाक्याला बल्लवाचार्य म्हणूं लागले.

आजची दूरचित्रवाणी हाच प्रसंग नव्या साजांत पुनःपुन्हा घडवून दाखवीत आहे. नट, नटी, गायक अशा नामांकित मंडळींना ओट्यापुढें उभें करावयाचें, समोर घड्याळ लावावयाचें आणि कसलेल्या बल्लवाचार्यांनीं त्यांच्या पदार्थांचा कठोरपणें कस पाहावयाचा, असा हा खेळ आहे. फरक एवढाच कीं, दमयंतीनें घास स्वतः खाल्ला होता. येथें खाणारे दोघे-तिघे आणि पाहणारे लाखों. ज्यांच्यासाठीं सारा थाट मांडला, त्यांच्या जिभेवर एक शीतही पडत नाहीं. पाकस्पर्धेचें सारें तंत्र या एका फरकांतून निघालें आहे. तें तंत्र कसें चालतें, त्यांत काय मोजलें जातें आणि काय मोजावयाचें राहून जातें, याचा उलगडा करून घेण्यासाठीं सोलापूरच्या स्वयंपाकघराइतका चांगला दाखला दुसरा सांपडणें कठीण.

प्रथम या स्पर्धांचा थोडा इतिहास. चित्रपट-दिग्दर्शक फ्रँक रॉडम यांच्या कल्पनेंतून १९९० सालीं इंग्लंडांत बी. बी. सी. वर ‘मास्टरशेफ’ हा कार्यक्रम सुरू झाला. हौशी माणसांनीं स्वयंपाक करावा आणि जाणकारांनीं तो चाखावा, असें त्याचें सौम्य स्वरूप होतें. १९९३ मध्यें जपानांत ‘आयर्न शेफ’ निघाला. त्यांत एक मुख्य जिन्नस नेमून देऊन एका तासाच्या मुदतींत दोन बल्लवाचार्यांची झुंज लावण्यांत येई. एकानें हौस आणली, दुसऱ्यानें आखाडा आणला. पुढचे बहुतेक कार्यक्रम या दोहोंच्या मिश्रणानें तयार झाले. इंग्लंडांतील कार्यक्रमाचें २००५ मध्यें पुनरुज्जीवन झालें आणि २००६ पासून त्याची नामांकितांसाठीं निराळी आवृत्ति निघूं लागली. ऑस्ट्रेलियांत २००९ मध्यें या कार्यक्रमाला अधिक नाट्यमय रूप मिळालें. ‘मास्टरशेफ इंडिया’ २०१० सालीं सुरू झाला. त्याच्या पहिल्या विजेत्या पंकज भदौरिया या लखनौच्या शाळाशिक्षिका होत्या.

मराठी घरांत मात्र स्वयंपाकाचा कार्यक्रम प्रथम आला तो पाहुण्यासारखा. झी मराठीवरील ‘आम्ही सारे खवय्ये’ या कार्यक्रमांत प्रशांत दामले गृहिणींशीं गप्पा मारीत मारीत त्यांच्या हातचे पदार्थ चाखीत. तेथें हार-जीत नव्हती. डिसेंबर २०२१ मध्यें त्याच वाहिनीवर ‘किचन कल्लाकार’ सुरू झाला, तेव्हां हेंच दामले ‘महाराज’ होऊन सिंहासनावर बसले, संकर्षण कऱ्हाडे सूत्रधार झाले, आणि नाटकां-मालिकांतील कलावंतांवर महाराजांच्या फर्माइशी पुरविण्याची पाळी आली. कलावंतांची फजिती आणि तिच्यांतून होणारा विनोद हा त्या कार्यक्रमाचा प्राण होता. २०२५ च्या जानेवारींत सोनी वाहिनीवर हिंदींत ‘सेलिब्रिटी मास्टरशेफ’ आला आणि एप्रिलमध्यें स्टार प्रवाहवर अमेय वाघ यांच्या सूत्रसंचालनानें ‘शिट्टी वाजली रे’ सुरू झाला. अशा रीतीनें पाहुणचाराची जागा हळूहळू परीक्षेनें घेतली.

यांपैकीं सोनी वाहिनीवरील स्पर्धा सर्वांत गंभीर वृत्तीची होती. फराह खान सूत्रसंचालिका, आणि विकास खन्ना व रणवीर ब्रार हे परीक्षक होते. स्पर्धकांत उषा नाडकर्णी, गायक अभिजीत सावंत, निक्की तांबोळी अशीं मराठी मंडळीही होतीं. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें अंतिम फेरी झाली. तींत गौरव खन्ना विजयी झाले आणि निक्की तांबोळी यांना दुसरें स्थान मिळालें.

अशा स्पर्धेला नामांकितच कां हवेत, हा प्रश्न साहजिक आहे. याचें एक कारण उघड आहे: अपरिचित स्पर्धकाविषयीं जिव्हाळा उत्पन्न करण्यास कांहीं दिवस लागतात, परिचित चेहऱ्याला तो आयता मिळालेला असतो. दुसरें कारण अधिक खोल आहे. एका कलेंत निष्णात झालेला माणूस दुसऱ्या कलेंत धडपडतांना पाहण्यांत प्रेक्षकाला एक प्रकारचें समाधान वाटतें, आणि तें समाधान केवळ मत्सराचें नसतें. रंगमंचावर पल्लेदार स्वगत सहज म्हणणाऱ्या नटाचा हात फोडणी घालतांना थरथरतो, तेव्हां रोज फोडणी घालणाऱ्या बाईला प्रथमच उमजतें कीं आपण करतों तें काम अवघड आहे. ज्या कौशल्याला घरांत कोणी कौशल्य म्हटलें नाहीं, त्याची किंमत दुसऱ्याच्या फजितींतून कळून येते. या कार्यक्रमांच्या लोकप्रियतेचें मूळ बव्हंशीं येथें आहे.

उषा नाडकर्णींचें उदाहरण या बाबतींत बोलकें आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेली ही अभिनेत्री त्या मेळाव्यांत सर्वांत वडील. बाकीच्यांपैकीं कित्येकांना स्वयंपाक नव्यानें शिकावयाचा होता; त्यांच्यापुढें कोडें उलट होतें. आयुष्यभर हाताला वळण पडलेला पदार्थ येथें नेमक्या वेळांत, नव्या रूपांत, ठरलेल्या बशींत मांडून दाखवावयाचा होता. त्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या नाहींत. सवयीचा स्वयंपाक आणि स्पर्धेचा स्वयंपाक या दोन निराळ्या विद्या आहेत, एवढेंच त्यावरून समजावें.

आतां परीक्षकाच्या कामाकडे वळतां येईल. परीक्षक मुख्यतः चार गोष्टी पाहतो. पदार्थ वेळेंत झाला कीं नाहीं. तो नीट शिजला कीं नाहीं. मीठ, आंबट, तिखट, गोड यांचा मेळ बसला कीं नाहीं. आणि बशींत तो कसा मांडला आहे. पैकीं पहिल्या तीन कसोट्या जगांतील सर्व सासवांना ठाऊक आहेत. चौथीचें महत्त्व मात्र येथें वाजवीपेक्षां वाढतें, आणि त्याला सबळ कारण आहे. पाहणाऱ्याजवळ नाक नाहीं, जीभ नाहीं. केवळ डोळा आहे. तेव्हां डोळ्याला जें दिसेल तेंच त्याच्या पदरांत टाकतां येतें. उरलेली उणीव परीक्षकाच्या शब्दांनीं भरून काढावी लागते. ‘कुरकुरीतपणा आहे, पण आंत ओलावा राहिला नाहीं’ हें वाक्य ऐकतांच प्रेक्षकाच्या तोंडांत त्या पदार्थाची एक छाया उमटते. परीक्षकाची वाणी हीच प्रेक्षकाची जीभ होते. म्हणून या परीक्षकांना चाखतां येणें जितकें आवश्यक, तितकेंच बोलतां येणेंही आवश्यक असतें. घास घेतल्यावर ते जो लांबलचक मौन पाळतात, तोही याच वाणीचा भाग होय.

या तंत्राला एक मोठी अडचण आहे. पदार्थ बशींत पडतो, त्याचें चित्रण होतें, दिवे हालविले जातात, एकामागून एक स्पर्धक पुढें येतात. तोंवर अन्न निवून जातें. ऑस्ट्रेलियांतील परीक्षक यावर उपाय म्हणून पदार्थ शिजत असतांनाच ओट्याशीं जाऊन त्याची चव घेऊन ठेवीत. तरीही जे पदार्थ निवल्यावर तग धरतात, रंगानें उठून दिसतात, थरावर थर देऊन रचतां येतात, त्यांना अशा मंचावर जन्मजात सवलत मिळते. जो तव्यावरून उतरतांच खावा लागतो, ज्याचा रंग मातकट आणि आकार साधा, त्याची बाजू मांडणें अवघड होतें. ज्वारीची भाकरी ही अशा पदार्थांची राणी. आणि सोलापूर हें तिचें माहेर.

सोलापूर जिल्ह्यांत पाऊस बेताचा, वर्षाला सरासरी साडेपांचशे मिलिमीटरांच्या आसपास, आणि त्याचा बराच भाग भाद्रपदाच्या सुमारास पडणारा. खोल काळ्या जमिनींत ती ओल धरून राहते आणि तिच्या बळावर हिंवाळ्यांत रब्बीची ज्वारी उभी राहते. मंगळवेढ्याला ज्वारीचें कोठार म्हणण्याची रीत जुनी आहे. २०१६ सालीं मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालें. रब्बी ज्वारीचा विख्यात मालदांडी वाण याच जिल्ह्यांतील मोहोळ येथें निवड पद्धतीनें सुधारण्यांत आला. या टपोऱ्या, पांढऱ्या, मोत्यासारख्या दाण्याची भाकरी हें येथील रोजचें अन्न. आणि भाजी, आमटी, चटणी, ठेचा ही सारी मंडळी तिच्या अनुषंगानें येणारें कोरड्यास. ‘कोरड्यास काय आहे?’ या प्रश्नांतच भाकरी गृहीत धरलेली असते.

समजा, एखाद्या कडक परीक्षकानें नामांकितांपुढें हेंच काम टाकलें: एक परात, ज्वारीचें पीठ, पाणी आणि तवा. मसाला नाहीं, तेल नाहीं, सजावट नाहीं. ही परीक्षा बाकी साऱ्या परीक्षांहून कठीण ठरेल, आणि तिचें कारण पिठाच्या प्रकृतींत आहे. गव्हाच्या पिठांत पाणी घालून मळलें कीं त्यांतील प्रथिनांचें चिवट जाळें तयार होतें. तें पोळीला लाटतांना, ओढतांना, दुमडतांना सांभाळून घेतें. ज्वारींत असें जाळें बनत नाहीं. तेथें पीठ एकत्र धरून ठेवण्याचें काम पिष्टाला करावें लागतें. म्हणून कसलेली बाई कढत पाण्यानें पीठ भिजविते. उष्णतेनें पिष्टाचे कण फुगतात, चिकट होतात आणि गोळ्याला बांधणी येते. त्यानंतर तळहाताच्या टांचेनें तें दाबून दाबून मळावें लागतें. दळण जुनें झालें असेल तर या मेहनतीलाही यश येत नाहीं. अशा पिठाची विरी गेली, असें बायका म्हणतात. गव्हाची कणीक चूक पोटांत घालते; ज्वारीचें पीठ ती कडेच्या भेगांतून चव्हाट्यावर मांडतें.

यापुढें थापण्याची पाळी. खालीं कोरडें पीठ पसरून गोळा ठेवावयाचा आणि पंजानें थापीत थापीत तो फिरवावयाचा. भाकरी हातानें फिरवावयाची नसते. थापेच्या जोरानेंच ती फिरली पाहिजे. कडा पातळ, मध्य जाड, असें झालें कीं भाकरी फुगत नाहीं. मग ती अलगद उचलून, पिठाची बाजू वर येईल अशी, तापलेल्या तव्यावर टाकावयाची आणि लगेच तिच्यावरून पाण्याचा हात फिरवावयाचा. या पाण्यामुळें वरचें कोरडें पीठ मुरतें, पृष्ठभागाला सलग कवच येतें आणि भेगा पडत नाहींत. पाणी सुकण्याच्या बेतांत असतांनाच उलटावयाची. आधीं उलटली तर ती तव्याला चिकटते, उशिरां उलटली तर तडकते. शेवटीं निखाऱ्याशीं अथवा जाळावर धरतांच आंतील पाण्याची वाफ होते, ती वाट शोधूं लागते, आणि पापुद्रा सुटून भाकरी टम्म फुगते. फुगणें ही केवळ शोभा नव्हे. कवच सलग आहे, जाडी सारखी आहे आणि आंतलें पीठ पुरतें शिजलें आहे, अशीं तीन प्रमाणपत्रें तें एका क्षणांत देतें. जगांतील कोणत्याही परीक्षकाला याहून निःपक्षपाती निकाल देतां येणार नाहीं.

आणि हें सारें करणारी बाई घड्याळाकडे पाहत नाहीं. एक भाकरी तव्यावर, एक परातींत, एक जाळाशीं, अशीं तिघींचीं तंत्रें एकाच वेळीं सांभाळून ती दुरडी भरते. शिवाय मध्येंच मुलाचा पाढा चुकला तर तोही सुधारते. या हाताला वळण येण्यास वर्षें लागतात. स्पर्धेचा एक तास या वर्षांची जागा घेऊं शकत नाहीं. म्हणूनच भाकरी हा पदार्थ स्पर्धेंत जिंकावयास सोपा नाहीं, आणि हरावयास मात्र फार सोपा आहे.

सोलापूरच्या स्वयंपाकांत याच्या अगदीं उलट टोंकाचा पदार्थही आहे. ती म्हणजे कडक भाकरी. पापडासारखी पातळ थापलेली ही भाकरी तव्यावर भाजून झाल्यावर तिच्यांतील उरलासुरला ओलावा मंद आंचेवर अथवा उन्हांत घालवून टाकतात. पाणी गेलें कीं बुरशीला थारा राहत नाहीं. मग ती आठवडेच्या आठवडे टिकते. दह्याबरोबर, आमटींत कुसकरून किंवा नुसत्या शेंगाचटणीशीं ती खावी. सीमेपलीकडील कानडी मुलखांतही अशा भाकरीची आवड आहे. मराठी, कानडी, तेलुगु आणि उर्दू या चारही भाषा ज्या शहराच्या पेठांतून एकदम कानीं पडतात, त्या शहराचें ताट एकट्या भाषेचें असावयाचें तरी कसें? आतां घरगुती उद्योगांतून आणि बचतगटांतून तयार होणाऱ्या या भाकरीचीं पाकिटें परगांवीं जातात, आणि तिच्या आधारानें कित्येक घरांची चूल पेटते.

शेंगाचटणीची गोष्टही अशीच शिकण्यासारखी आहे. जिन्नस पाहिले तर मोजकेच: भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरें आणि मीठ. पण ती कुटावी लागते. यंत्राचें पातें दाण्याला कापतें, त्याची भुकटी करतें. उखळांतील मुसळ दाण्याला चेंगरतें. चेंगरलेल्या दाण्यांतून तेल सुटतें, त्या तेलांत तिखट आणि लसूण मुरतात, आणि वरून थेंबभर तेल न घालतां चटणी ओलसर, गोळेदार होते. दिसावयास कोरडी भुकटी आणि तेल सुटलेली चटणी यांत चित्रांत फारसा फरक दिसत नाहीं. घासांत मात्र जमीन-अस्मानाचें अंतर पडतें. डोळ्याच्या परीक्षेंत जें निसटतें, त्याचें हें उत्तम उदाहरण होय.

या दाखल्यांवरून पाकस्पर्धेच्या मापांत काय बसत नाहीं, हें ध्यानीं येईल. पहिली गोष्ट सातत्य. स्पर्धक पदार्थ एकदां उत्तम करतो. गृहिणीला तो दररोज बरा करावा लागतो, आणि बरें वाटत नसेल त्या दिवशींही करावा लागतो. दुसरी गोष्ट काटकसर. स्पर्धेच्या कोठारांत फळ्या भरलेल्या असतात आणि उरलेल्या जिनसांचा हिशेब कोणी विचारीत नाहीं. घरच्या डब्यांत जें आहे त्यांतच भागविणें हें निम्मे पाककौशल्य आहे. तिसरी गोष्ट टिकाऊपणा आणि पुरवठा. अन्न किती जणांना पुरलें, किती वेळ टिकलें, खाऊन किती काम झालें, हे प्रश्न मंचावर निघत नाहींत.

सोलापूरच्या भूमीला मात्र हेच प्रश्न प्रथम पडत आले. दुर्गादेवीच्या दुष्काळांत मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं बादशाही कोठारें भुकेल्यांना खुलीं केलीं, अशी कथा महाराष्ट्र शतकानुशतकें सांगत आला आहे. त्या कथेंत अन्नाचा परीक्षक एकच आहे: भूक. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणांत सोलापुरांत कापडगिरण्या उभ्या राहिल्या. भोंग्याबरोबर घराबाहेर पडणाऱ्या कामगाराच्या फडक्यांत भाकरी आणि चटणी बांधलेली असे. तें अन्न दुपारपर्यंत विटतां कामा नये, आणि त्यानें संध्याकाळपर्यंत माणसाला उभें ठेविलें पाहिजे, अशी त्याची कसोटी होती. आज ते भोंगे मिटले आहेत. त्या कसोटीवर घडलेली चव तेवढी राहिली आहे.

यावरून पाकस्पर्धा निरुपयोगी ठरत नाहींत. त्यांनीं केलेलें एक काम फार मोलाचें आहे. घरांतील स्वयंपाकावर आजवर दोनच अभिप्राय मिळत: बिघडला तर बोलणें, आणि चांगला झाला तर मौन. परीक्षकांनीं या मौनाला शब्द दिले. आंबटपणा कोठें कमी पडला, मसाला कच्चा कां राहिला, पोत कसा साधला, याची सकारण चर्चा करतां येते आणि ती करणाऱ्याचा मान राखूनही करतां येते, हें लोकांना दिसलें. पुरुषांनीं ओट्याशीं उभें राहण्यांत कमीपणा नाहीं, हेंही त्यांतून दिसलें. सोनीवरील स्पर्धेंत विजेता पुरुष होता आणि दोघे परीक्षकही पुरुषच होते. मात्र त्यांतील विकास खन्ना आपल्या विद्येचें मूळ अमृतसरच्या घरांतील आजीच्या हाताशीं आहे, असें वारंवार सांगत आले आहेत. जगांतील नामांकित परीक्षकाचा गुरु एखाद्या घरांतील चुलीपाशीं, कोणतेंही पदक न मिळवितां बसलेला असतो, ही गोष्ट प्रत्येक प्रेक्षकानें लक्षांत ठेवावी अशी आहे.

धोका आहे तो दुसराच. मंचावर जें दिसतें तेंच शिकण्याजोगें आणि जें दिसत नाहीं तें मागासलेलें, अशी समजूत घरांत रुजली कीं मुलें पहिल्यानें दूर जातात तीं भाकरीपासून. महाराष्ट्रांत ज्वारीखालील क्षेत्र गेल्या कांहीं दशकांत पुष्कळ घटलें आहे. गव्हानें आणि तांदळानें तिची जागा घेतली, शेतांत इतर पिकांनीं. भारताच्या पुढाकारानें संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष तृणधान्य-वर्ष म्हणून पाळलें, तेव्हां ज्वारी-बाजरीचें नांव पुन्हा मोठ्या लोकांच्या तोंडीं आलें. हें इष्टच झालें. परंतु बशीच्या मधोमध सजवून ठेवलेल्या ज्वारीच्या नाजुक तुकड्यानें शेतकऱ्याचें पीक खपत नाहीं. तें खपतें दुरडीभर भाकऱ्यांनीं. आणि दुरडी भरावयाची तर थापतां येणारा हात घरांत असला पाहिजे, मग तो मुलीचा असो कीं मुलाचा.

हें वळण शिकविण्यास एखादा रविवारही पुरतो. घरांतील मोठ्या बाईनें परीक्षक व्हावें, बाकीच्यांनीं आळीपाळीनें परातीशीं बसावें. पहिल्या भाकरीचे नकाशे होतील. पांचवी गोल येईल. फुगणारी भाकरी केव्हां येईल तें सांगतां येत नाहीं, पण ती येईल तेव्हां कोणत्याही परीक्षकाला निकाल द्यावा लागणार नाहीं. अशा स्पर्धेंत एक सोय आणखी आहे: हरलेल्याची भाकरीही शेंगाचटणीबरोबर खाऊन टाकतां येते.

शेवटीं पुन्हा दमयंतीच्या घासाकडे यावें लागतें. तिला नल ओळखूं आला, तो तिची जीभ मोठी चिकित्सक होती एवढ्यानेंच नव्हे. त्या हातचें अन्न तिनें पूर्वीं पुष्कळदां खाल्लें होतें, म्हणून ती चव तिच्या स्मरणांत घट्ट बसली होती. दूरचित्रवाणीवरील परीक्षक प्रेक्षकाला बोलावयास शिकवितात, तुलना करावयास शिकवितात; ओळख मात्र ते देऊं शकत नाहींत. ती घरच्या ताटांतूनच मिळते. सोलापुरांतल्या एखाद्या घरीं रात्रीं पडद्यावर नामांकितांची परीक्षा रंगलेली असते, आणि त्याच वेळीं आंत तव्यावर एक भाकरी फुगत असते. पडद्यावरचा निकाल लागेपर्यंत थांबलें तरी चालतें. भाकरी मात्र गरम असतांनाच ताटांत घ्यावी, आणि जिनें ती केली तिला ती कशी झाली तें तेव्हांच सांगावें.